भरतीच्या मैदानावर आता दुसऱ्या बाजूला उभं राहायचंय

वाचकाचं पत्र

मी सातारा जिल्ह्यातला. पायदळात हवालदार, नोकरीला २२ वर्षं झाली, वय ४१. पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमधून पीटीचा कोर्स केलाय, त्यामुळे युनिटमध्ये पोरांना पळवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. आता पेन्शन जवळ आली. एखाद्या सोसायटीच्या गेटवर गार्ड म्हणून बसायला मन होत नाही. शेवटची पोस्टिंग लष्कराच्या भरती कार्यालयात (एआरओत) मिळेल असं दिसतंय. गावाकडचा मित्र म्हणतो, "ती घेच. आणि आत्तापासूनच वहिनींच्या नावावर भरती अकॅडमी काढू. जागा माझी, पैसे तुझे. पोरांना राहायला होस्टेलही करू. 'भरतीची हमी' असा बोर्ड लावू. तू एआरओत आहेस म्हटल्यावर पोरं आपोआप येतील." पेन्शनीचे एकरकमी पैसे यात घालावेत का? दुसरं म्हणजे माझा पुतण्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांतला. चार वर्षांनी कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांत तो राहील की परत येईल या काळजीनं घरी कुणाला झोप नाही. मित्र म्हणतो, "तेही बघता येईल." काय करू?

— एक हवालदार

उत्तर

राम राम, हवालदारसाहेब.

आधी त्या बोर्डाचं बोलतो, कारण तुमचे बाकीचे प्रश्न त्याच खुंटीला टांगलेले आहेत. 'भरतीची हमी' हे शब्द तुमच्या नावाखाली कधी लागू देऊ नका. तुम्ही भरती झालात तेव्हा आधी मैदान आणि मग लेखी असायची. २०२३ पासून क्रम उलटा झालाय. आधी संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा, त्यातून नाव आलं तर मैदान, मग वैद्यकीय तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी. यातल्या एकाही ठिकाणी अकॅडमीवाल्याचा हात पोहोचत नाही. परीक्षेची किरकोळ फी सोडली तर भरतीला पैसा लागत नाही, हे लष्कर दरवर्षी ओरडून सांगतं. तरी हमी देणारा भेटला तर समजावं की त्याला भरती कळलेली नाही, नाहीतर त्याच्या डोक्यात मागचं दार आहे.

त्या मागच्या दाराचं काय होतं ते आपण पाहिलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी छापे घातले आणि भरतीचा पेपर परीक्षेआधीच पोरांच्या हातात पडल्याचं उघड झालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात पुन्हा पेपरफुटी पकडली गेली आणि जनरल ड्यूटीची, म्हणजे साध्या शिपायाच्या भरतीची, लेखी परीक्षा देशभर रद्द झाली. पकडलेल्यांत लष्कराशी संबंधित माणसंही होती. बावीस वर्षं घामानं कमावलेलं नाव एका संध्याकाळी जातं, आणि ज्या पोरांनी काहीच केलेलं नसतं त्यांची परीक्षाही जाते. तुमच्या मित्राच्या मनात असलं काही आहे असं मी म्हणत नाही. पण "तू एआरओत आहेस म्हटल्यावर पोरं येतील" या वाक्यात तो तुमचं कसब विकत नाहीये, तुमची खुर्ची विकतोय. हा फरक त्याला समोर बसवून सांगा.

आता पोस्टिंगचं. भरती कार्यालय हा काही वेगळा ट्रेड नाही. तिथली माणसं पलटणींतून आणि कोअरमधून येतात, मुदत संपली की परत जातात. आपल्याकडे अशी कार्यालयं पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. मी स्वतः निवृत्तीआधी काही काळ एका भरती कार्यालयात होतो, म्हणून सांगतो, ते काम घेण्यासारखं आहे. पहाटे दोनला मैदानाचं फाटक उघडायचं, अंधारात बसलेल्या पोरांच्या रांगा लावायच्या, बोटांचे ठसे जुळवून माणूस तोच आहे ना ते बघायचं, उंचीच्या बारखाली उभं राहायचं, डोमिसाइल आणि जातीच्या दाखल्यांवरचे शिक्के तपासायचे. सैन्यात येणारा पोरगा घरातून कसा निघतो हे तिथेच कळतं. पलटणीत आपल्याला तो केस कापलेला, गणवेशातलाच दिसतो.

पण माझं मत कडक आहे. ही पोस्टिंग घेतलीत तर त्या कार्यालयाच्या हद्दीतल्या जिल्ह्यांत निवृत्तीनंतर निदान दोन वर्षं अकॅडमी काढू नका. आणि अकॅडमीच काढायची असेल तर पोस्टिंग नको म्हणा. तुम्ही अगदी स्वच्छ राहिलात तरी गावातला प्रत्येक बाप म्हणेल, "हवालदारांची आत ओळख आहे." तुम्ही नाही म्हणाल, त्याला वाटेल भाव वाढवताय. तो समज तुम्हाला पुसता येणार नाही. नोकरीत असताना वहिनींच्या नावावर धंदा काढणं तर मुळीच नको. नोकरीतल्या माणसानं आडून धंदा करणं नियमात बसत नाही, आणि उद्या काही बिघडलं तर कागदावर सही त्या बाईमाणसाची असेल, तुमच्या मित्राची नसेल.

हे सगळं लिहूनही मी तुम्हाला हे काम करू नका म्हणत नाही. करा. मनापासून करा. का ते एका पोरावरून सांगतो.

एका भरती रॅलीत मी उंचीच्या बारपाशी होतो. दुष्काळी तालुक्यातला एक पोरगा आला, अंगानं काटक, पोटऱ्या दगडासारख्या. बारला डोकं लागलं नाही. जनरल ड्यूटीला आपल्याकडे १६८ सेंटीमीटर लागतात, तो १६५ भरला. पोरं अशा वेळी टाचा उचलतात, केस फुगवतात, हा नुसता उभा राहिला. बाजूला घेतला तर म्हणाला, "साहेब, दीड वर्ष अकॅडमीत होतो." दीड वर्षात त्याला कुणी भिंतीला टेकवून मोजलं नव्हतं. घरच्यांनी दुभती म्हैस विकून फी भरली होती. मग बोलता बोलता कळलं की बारावीला त्याला सत्तरच्या वर टक्के होते. क्लार्कसाठी १६२ उंची चालते, बारावीला एकूण ६० टक्के आणि विषयवार ५० लागतात. पहिल्याच दिवशी कुणी टेप लावला असता तर तो पोरगा क्लार्कच्या परीक्षेला बसला असता. त्या वर्षी त्याचं वयही संपत होतं. मी त्याला पाणी दिलं आणि एसटी स्टँडचा रस्ता दाखवला. त्याहून जास्त देण्यासारखं माझ्याकडे त्या सकाळी काही नव्हतं.

हवालदारसाहेब, त्या पोराला दीड वर्षापूर्वी भेटणारा माणूस तुम्हाला व्हायचंय. फी घेण्याआधीचा तो एक तास हेच या धंद्यातलं खरं काम, असं मला वाटतं. आणि ते तुम्हाला जमेल याचं कारण तुमची पेन्शन. ज्याचं घर अकॅडमीच्या फीवर चालतं त्याला समोरच्या पोराला "बाळा, तू यात बसत नाहीस" म्हणणं जड जातं. तुम्हाला दर महिन्याला पेन्शन येणार आहे. तुम्हाला नाही म्हणणं परवडतं.

तर पहिल्या तासात काय बघायचं? उंची, छाती (७७ आणि फुगवून ५ जास्त), वजन हे झालंच. दहावीची मार्कशीट हातात घ्या: एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ नसतील तर जनरल ड्यूटीचा अर्जच भरता येत नाही. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची आणि आधारवरची जुळते का पाहा, नावाचं स्पेलिंगसुद्धा. पोराचा पाय ओला करून शहाबादी फरशीवर ठेवायला लावा. तळव्याचा पूर्ण ठसा उमटला तर सपाट पायाची शंका, आधी डॉक्टरकडे पाठवा. सरळ उभं राहिल्यावर घोटे लांब राहून दोन्ही गुडघे चिकटतात का बघा, तीही शंकाच. रंगांध आहे का ते डोळ्यांचा डॉक्टर ठिपक्यांच्या पुस्तिकेवर पाच मिनिटांत सांगतो. शंका तुम्ही काढायची, निदान मात्र डॉक्टरनं करायचं, हे पाळा. बाप सैन्यात असेल तर उंचीत दोन सेंटीमीटर सूट मिळते आणि रेजिमेंटल सेंटरच्या युनिट कोट्यातल्या भरतीलाही उभं राहता येतं, हे कित्येक माजी सैनिकांच्याच घरी माहीत नसतं. आणि शर्ट काढायला सांगून गोंदण बघा. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतं, बाकी अंगावर चालत नाही. जत्रेत हौसेनं दंडावर महाराजांची मुद्रा गोंदवून घेतलेली पोरं मी परत जाताना पाहिलीत. मनात श्रद्धा होती, नियम कुणी सांगितला नव्हता. म्हणून तुम्ही नववी-दहावीच्या वर्गात जाऊन हे सांगा. त्यासाठी अकॅडमी सुरू व्हायची वाटही बघायला नको. पुढच्या सुट्टीत गावच्या शाळेत एक तास मागून घ्या.

मैदानातलं तुम्हाला मी काय शिकवणार! तरी एक सांगतो. गावोगाव पोरं म्हणतात, "सर, सोळाशे पाच-दहाला काढतो," आणि रॅलीत त्याच पोराला पावणेसहा लागतात. गावातलं मैदान कुणी टेपानं मोजलेलं नसतं. चार फेऱ्या म्हणजे सोळाशे धरतात, प्रत्यक्षात दीड हजारही भरत नाहीत. तुम्ही आतल्या कडेपासून एक फूट सोडून टेप ओढा, चुना टाका, मगच स्टॉपवॉच चालू करा. साडेपाच मिनिटांत आला तर ६० गुण, दहा पुलअप्सना ४०, आणि काही सेकंदांवर पोराचं आयुष्य फिरतं. रॅलीत शे-दोनशे पोरं एकदम सुटतात, कोपर लागतं, पाय अडकतो. एकट्यानं पळायची सवय झालेला पोरगा तिथे गांगरतो. आठवड्यातून एकदा शेजारच्या गावातली पोरं बोलावून मोठ्या घोळक्यात पळवा. डांबरी रस्त्यावर पहाटे चारला पळवू नका. नडगी दुखायला लागते ते एक, आणि मागून येणाऱ्या ट्रकला अंधारात पोरगं दिसत नाही ते दुसरं. दुखणं दाबायला वेदनाशामक गोळ्या आणि अंग भरायला कसली कसली पावडर, इंजेक्शनं ही पोरं एकमेकांकडून मिळवतात. तुमच्या मैदानावर ते दिसलं तर घरच्यांना बोलावून घ्या, त्याच दिवशी.

लेखीकडे मात्र आपल्यासारख्या मैदानातल्या माणसांचं दुर्लक्ष होतं. आता पहिलंच फाटक लेखीचं आहे. जनरल ड्यूटीला ५० प्रश्न, एक तास, १०० गुण, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते, ही आपल्या पोरांसाठी मोठी गोष्ट आहे. गणिताला गावातलाच एखादा बीएड झालेला, नोकरी नसलेला पोरगा धरा आणि त्याला नीट पगार द्या. संगणकावर माउस धरून परीक्षा द्यायचा सराव लागतो, त्यासाठी तालुक्याच्या एखाद्या संगणक क्लासशी रविवारचं बोलून ठेवा.

प्रत्येक पोराला पहिल्या दिवसापासून दुसरी वाटही दाखवून ठेवा. सैन्याचं वय लवकर संपतं. २०२२ मध्ये अग्निपथ ही अग्निवीर भरतीची योजना जाहीर झाली तेव्हा मर्यादा साडेसतरा ते २१ ठेवली होती. करोनाच्या दोन वर्षांत भरती रखडली म्हणून त्या एका वर्षापुरती ती २३ केली, पण त्याआधी कितीतरी पोरं बाहेर पडली होती. पोलीस भरतीला वय जास्त चालतं, तिथेही पुरुषांना १६०० मीटरच पळायचंय, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. केंद्रीय दलांना (बीएसएफ, सीआरपीएफ वगैरे) पाच किलोमीटर २४ मिनिटांत. तयारी बरीचशी एकच आहे. आणि बार्टी (अनुसूचित जातींसाठी), महाज्योती (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी) या सरकारी संस्थांच्या योजनांतून पोलीस आणि सैन्य भरतीचं प्रशिक्षण फुकट मिळतं. जो पोरगा त्यात बसतो त्याला तिकडचा अर्ज भरून द्या, तुमची फी बुडाली तरी चालेल. तोच पोरगा गावात तुमचं नाव सांगत फिरेल.

मुली येतील. येऊ द्यात, पण बाई प्रशिक्षक मिळेपर्यंत त्यांची बॅच सुरू करू नका.

पैशाचं आता. पेन्शनीतून मिळणारे एकरकमी पैसे यात घालू नका, पहिल्या वर्षी तर एक रुपयाही नको. मित्र होस्टेल म्हणतोय ना? सतरा वर्षांची पन्नास पोरं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली की रात्री कुणाला ताप आला, कुणाची मारामारी झाली, कुणी भिंतीवरून उडी मारून गेला, सगळ्याला तुम्ही जबाबदार. ते तुम्हाला आज नकोय. ग्रामपंचायतीकडून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेकडून मैदानाची लेखी परवानगी घ्या. टेप, चुना, दोन स्टॉपवॉच, पुलअपचा एक लोखंडी बार आणि उडीसाठी नऊ फुटी खड्डा एवढ्यावर वर्ष निघतं. घरी राहून सायकलवर येणारी वीस-पंचवीस पोरं घ्या. महिन्याची फी महिन्याला, वर्षाची आगाऊ नाही, म्हणजे ज्याला सोडायचंय तो मोकळेपणानं सोडेल. एवढं केल्यावरही काम आवडलं आणि मित्र हमीचा बोर्ड न लावता तयार असला, तर वकिलाकडून भागीदारीचा कागद करून पुढे जा. मैत्री आहे म्हणून कागद नको, असं म्हणू नका.

निवृत्तीपूर्वी डीजीआरच्या (संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या) कोर्सेसची यादी युनिटच्या क्लार्ककडून मागवा. पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक कोर्सही बघा. पलटणीतली पीटी तयार जवानासाठी असते. सतरा वर्षांच्या, एकवेळ जेवून आलेल्या पोराचं शरीर वेगळं असतं, ते शिकून घ्यावं लागेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा आणि राज्याच्या नोकऱ्यांतल्या माजी सैनिकांच्या १५ टक्के जागांवरही लक्ष ठेवा. शाळेत क्रीडा मार्गदर्शक म्हणून काम मिळालं तर सकाळची बॅच चालूच ठेवता येईल.

राहिला पुतण्या. मित्राचं "तेही बघता येईल" हे वाक्य ऐकून मला त्याच्या बोर्डापेक्षा जास्त वाईट वाटलं. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, आणि ते चार वर्षांच्या कामगिरीवर आणि दलाच्या गरजेवर ठरतं. यात बाहेरून कुणी काही बघू शकत नाही. तुम्हीही त्याच्या युनिटला फोन लावू नका. काकांच्या फोननं त्या पोराला फायदा तर नाहीच, कंपनीत तो मान खाली घालून फिरेल.

पण तुमच्या हातात बरंच आहे. २०२२ च्या अखेरीला आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरत येतात. परत आला तर व्याजासह साधारण ११.७१ लाख रुपये सेवानिधी मिळेल, त्यावर कर नाही, मात्र पेन्शनही नाही. घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा की त्या पैशावर स्लॅब टाकायचा नाही आणि बहिणीचं लग्न काढायचं नाही. दहावीवर गेला असेल तर बारावीच्या प्रमाणपत्राची सोय आहे, ते हातात पडलं का विचारा. केंद्रीय दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आहेत, त्यांच्या जाहिराती आत्तापासून बघायला लावा. आणि सुट्टीवर आला की "राहणार का रे?" हा प्रश्न घरात कुणी विचारायचा नाही. गावातला प्रत्येक जण त्याला तोच विचारत असणार.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. पोरं घडवायच्या ज्या कामाबद्दल तुम्ही निवृत्तीनंतरचा विचार करताय, ते आज तुमच्या सेक्शनमध्येच बसलंय. तुमच्या हाताखाली अग्निवीर आहेत. प्रत्येकाला एकेकटं बोलवा आणि फायरिंगमध्ये तो कुठे कमी पडतो, बीपीईटीत (युनिटमधल्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत) किती सेकंद मागे आहे, कोर्ससाठी नाव दिलं का, हे खरं सांगा. वर्ष शिल्लक असताना सांगितलेलं पोराला उपयोगी पडतं, शेवटच्या महिन्यात सांगितलेलं नाही. माझ्या काळी आम्ही हे "बघून घेईल तो" म्हणून सोडून द्यायचो. चार वर्षांसाठी आलेल्या पोराच्या बाबतीत तसं सोडता येणार नाही.

आणि पुतण्या परत आलाच, तर तुमच्या मैदानावर पहिला प्रशिक्षक तोच घ्या. या वयात तुम्ही सोळाशे मीटर साडेपाचच्या आत पोरांच्या पुढे पळणार नाही, तो पळेल, आणि त्याच्या मागून पळताना पोरांना कळेल की वेग कसा धरायचा. शिट्टी आणि टेप तुमच्याकडे ठेवा. त्याचा पगार मात्र पहिल्या महिन्याआधी ठरवून द्या, घरचाच पोरगा आहे म्हणून फुकट राबवू नका. त्याच्या स्वतःच्या अभ्यासासाठी दुपार त्याला मोकळी सोडा.